तेलाचा एक थेंब आणि अडकलेले शटर

१९९४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कोपरगावला आमच्या वस्तीत शेजारच्या ताईचा मंगलपरिणय होता. दुपारी बाराची वेळ. पत्र्याला हात लावला तर फोड यावा असे ऊन. फोटो काढायला आमचे दादा, म्हणजे वडील.

दादा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की कामावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडला की घरी बसायचे. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. या मोकळ्या दिवसांत ते आसपासच्या गावांतून लग्नाचे फोटो काढीत. कोकमठाण, संवत्सर, राहाता, येवला, जिथून निरोप येईल तिथे सायकलवर जात. त्यांच्याजवळ एक सेकंडहँड याशिका मॅट १२४ जी कॅमेरा होता. आई त्याला 'तुमच्या दादांची दुसरी भाकरी' म्हणायची.

त्या दिवशी सकाळी हा कॅमेरा अडकला. हँडल फिरले, बटण दाबले गेले, पण आवाज झाला नाही. शटर उघडेचना. दादांच्या कपाळावर घाम आला. मांडवात पाहुणे जमू लागले होते. तेवढ्यात एका जाणत्या माणसाने सांगितले, "यंत्र आहे ते. कोरडे पडले असेल. तेल सोडा." घरात आईचे शिलाई मशीन होते. त्याच्या तेलाच्या कुपीतून दादांनी पुढून एक थेंब सोडला. दोनचार वेळा बटण दाबले, आणि 'टक्' आवाज आला. सगळ्यांना हायसे वाटले.

आठ दिवसांनी लॅबमधून फोटो आले. दुपारचे सगळे फोटो पांढरेफटक होते. माणसे जणू धुक्यात उभी. संध्याकाळी पाठवणीच्या वेळचे फ्लॅशचे फोटो मात्र चांगले होते. पण त्या फोटोंत ताईचे वडील नव्हते. लेक निघाली तेव्हा ते मांडवामागे जाऊन डोळे पुसत बसले होते. बापलेकीचा एकत्र फोटो एकच होता, दुपारचा, आणि तो गेला.

पुढच्या दिवाळीच्या आत ताईचे वडील वारले. त्या कुटुंबाने दादांना एका शब्दाने दुखवले नाही. दादांनी पैसे घेतले नाहीत. पण कॅमेरा त्यांनी ट्रंकेत ठेवला तो कायमचा. २०११ साली दादा गेले. त्यानंतरही बरीच वर्षे ती ट्रंक उघडायचे धाडस मला झाले नाही.

दुकानाचे शटर आणि कॅमेऱ्याचे शटर

दोन वर्षांपूर्वी घर रंगवायला काढले तेव्हा ट्रंक हलवावी लागली. कॅमेरा बाहेर काढला. हँडल फिरवले, बटण दाबले. तीच मुकाट शांतता. भाचा म्हणाला, "मावशी, भंगारात दे." मी तो पिशवीत घालून बाजारातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकाकांकडे नेला. ते दादांना ओळखत होते. काकांनी डोळ्याला भिंग लावले, कॅमेरा उजेडाकडे धरला आणि विचारले, "यात तेल कोणी घातले?"

मी सगळी हकिकत सांगितली. काकांनी मग मला जे समजावून सांगितले ते वाचकांनाही सांगावेसे वाटते. कारण असे कॅमेरे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, मामाच्या नाहीतर आजोबांच्या पेटीत पडून आहेत.

दुकानाचे शटर आपल्याला ठाऊक आहे. वर गेले की दुकान उघडे, खाली आले की बंद. कॅमेऱ्याचे शटर तेच काम करते, फक्त डोळ्याचे पाते लवण्याआधी. याशिका मॅटला दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आपण पाहतो, खालच्या भिंगातून फोटो निघतो. खालच्या भिंगसंचाच्या मधोमध पोलादाची कागदासारखी पातळ पाती असतात. एकमेकांवर थोडी थोडी चढून ती उजेड अडवतात. बटण दाबले की स्प्रिंग सुटते, पाती बाजूला होतात, उजेड आत जातो आणि पाती पुन्हा मिटतात. या कॅमेऱ्यातले जपानी बनावटीचे कोपाल शटर एका सेकंदापासून सेकंदाच्या ५०० व्या भागापर्यंत वेळ मोजते.

हे मोजते कोण? आत लहान दातेरी चाकांची एक रांग असते. एक सेकंदाचा वेग लावला की ती चाके 'क्रर्र' असा आवाज करीत स्प्रिंगला धरून ठेवतात. भिंतीवरच्या घड्याळात लोलकाबरोबर मागेपुढे होणारा जो काटा एकेक दाता सोडतो, तसलाच पण अगदी बारीक काटा इथेही असतो. काका म्हणाले, "पोरी, हे घड्याळच आहे. म्हणून तर मी हात लावतोय."

त्यांचे म्हणणे खरेच होते. जर्मनीत म्युनिक शहरातल्या फ्रिडरिश डेकेल यांच्या कारखान्याने १९१२ साली कॉम्पूर नावाचे शटर काढले. त्याआधीच्या त्यांच्या कंपाउंड शटरमध्ये वेळ मोजायला हवेचा लहान दट्ट्या असे. कॉम्पूरमध्ये त्या जागी घड्याळासारखी चाके आली. पुढे जगभरच्या कॅमेऱ्यांत याच तऱ्हेची शटरे बसू लागली.

तेलाने काय केले?

मी विचारले, "काका, तेलाने चालू झाले होते ना?" त्यांनी काचेचे दोन लहान तुकडे घेतले. कोरडे असताना एकावर एक ठेवून सरकवले, सहज सरकले. मग मधे तेलाचा थेंब टाकला. तुकडे एकमेकांना असे चिकटले की नखाने ओढावे लागले. शटरची पाती तशीच आहेत. रुंद, सपाट आणि एकमेकांवर चढलेली. त्यांना हलवणारी स्प्रिंग मात्र अगदी नाजूक. म्हणून शटरची पाती कोरडीच हवीत. त्यांना तेल लागतच नाही.

मग अडकते कशाने? कारखान्यात चाकांच्या टोकांना नावापुरते तेल दिलेले असते. काही वर्षांनी ते वाळून डिंकासारखे होते, नाहीतर आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ होऊन पात्यांवर उतरते. १९९४ च्या त्या सकाळी तेच झाले असावे. वरून नवे तेल पडल्यावर जुना डिंक तेवढ्यापुरता सैल झाला, म्हणून 'टक्' वाजले. पण पाती जड झाली होती. उघडत होती, मिटायला मात्र वेळ लावीत होती.

याचा हिशेब सोपा आहे. दादांनी सेकंदाचा १२५ वा भाग लावला आणि पाती सेकंदाच्या ८ व्या भागाएवढी उघडी राहिली, तर ठरल्यापेक्षा जवळजवळ सोळापट उजेड आत जातो. भर उन्हात सोळापट उजेड म्हणजे फोटो पांढराफटक. संध्याकाळचे फोटो मग का वाचले? फ्लॅशचा उजेड क्षणभरच पडतो आणि तो पाती पूर्ण उघडल्यावर पडतो. मागचा उजेड कमी असेल तर पाती थोडा वेळ जास्त उघडी राहिली तरी बिघडत नाही.

तीस वर्षे मनात अडलेला प्रश्न त्या बाकड्यावर पाच मिनिटांत सुटला. दादांचा हात चुकला नव्हता. त्यांना कोणी यंत्राची ही खोड सांगितली नव्हती, एवढेच.

दुरुस्ती

काकांनी आधी टेबल पुसले आणि पांढरा कपडा अंथरला. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे खण समोर ठेवले, एका खणात एकच स्क्रू. भाच्याला सांगितले, "प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढ. लावताना तोच कामाला येईल." भंगारात द्या म्हणणारा भाचा आता श्वास रोखून बसला होता.

भिंगापुढची नावाची कडी काकांनी रबरी बूच दाबून फिरवली. लोखंडी पक्कड कधी लावू नये, काचेवर घसरते. कडी निघाल्यावर पुढचा भिंगसंच फिरवून बाहेर काढला. त्याआधी बारीक सुईने खुणेची रेघ केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल. आत पाती दिसली, त्यांवर इंद्रधनुष्यासारखी तेलकट झाक.

घड्याळजी वापरतात ते पांढरे पेट्रोल त्यांनी कापसाच्या काडीला लावले, भिजवले नाही. पाती हलकेच पुसली, बटण दाबले, पुन्हा पुसली. काडीवर पिवळट काळा डाग आला. दहाबारा काड्या झाल्या आणि 'टक्' आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. काका म्हणाले, "रडू नको आणि हसूही नको. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेले तर शटर पुन्हा अडकलेले! काकांना मुळीच नवल वाटले नाही. पेट्रोलने ओले असते तोवर ते चालते. पेट्रोल उडून जाते, पण विरघळलेले तेल मागे राहते आणि पुन्हा पात्यांमध्ये बसते. इथेच पुष्कळ लोक फसतात. चालू झाले म्हणून घाईने बंद करतात. काकांनी चार दिवस रोज पुसले. ज्या दिवशी काडी स्वच्छ निघाली आणि रात्रभर सुकल्यावरही शटर चालले, त्या दिवशी त्यांनी मान हलवली.

नंतर चाकांची पाळी. एक सेकंद लावला तर 'क्रर्र' आवाज मधेच थांबत होता. ती लहान चाकांची जोडणी सोडवून पेट्रोलच्या वाटीत बुडवली, ब्रशने साफ केली, वाळवली. मग सुईच्या टोकावर मावेल एवढे घड्याळाचे तेल फक्त चाकांच्या आसांच्या टोकांना दिले. दात्यांना नाही आणि पात्यांना तर मुळीच नाही. आमच्या आईच्या कुपीतल्या एका थेंबात अशी शंभर टोके भिजली असती.

तपासणी भाच्याने केली. कॅमेऱ्याची पाठ उघडून मोबाईलवर हळू गतीचे चित्रण केले. त्याच्या मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रे निघतात. एक सेकंदाच्या वेगाला पाती सुमारे २४० चित्रांत उघडी दिसायला हवीत आणि ६० व्या भागाला चार. मोजली, बरोबर आली. मजा अशी, की ज्या मोबाईलने तपासले त्याला असली पातीच नसतात. त्यात उजेडाची मोजदाद विजेवर होते आणि 'क्लिक' हा नुसता वाजवलेला आवाज असतो.

आपल्या माणसांचे हात

एवढे पाहिल्यावर मला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची आठवण झाली. मिस्त्रीकाम हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेणे आवाक्याबाहेर. जोडीदार असलेले आतेभाऊ-मामेभाऊ म्हणा की घरचेच माणूस म्हणा, ते आनंदराव पेंटर १९१६ साली वारले. तरी बाबूरावांनी दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन १९१८ च्या सुमारास स्वतःचा चलचित्रांचा कॅमेरा तयार केला. १९२० साली 'सैरंध्री' हा त्यांचा चित्रपट लोकांसमोर आला. त्या कॅमेऱ्यातही उजेड सोडणारे आणि अडवणारे शटर असतेच, फक्त फिरत्या चकतीचे. ज्या हातांना रंधा आणि कानस ठाऊक आहे त्या हातांना हेही जमते. मात्र आधी यंत्र समजून घ्यावे लागते.

दादाही कारखान्यात मशीनवरच काम करीत. त्यांना पंप उघडता येई, बेअरिंग बदलता येई. कॅमेरा मात्र 'साहेबी वस्तू' म्हणून ते भीत. जी वस्तू आपली भाकर कमावते तिच्या आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे, असे आता वाटते.

पाकिटातल्या निगेटिव्ह

कॅमेऱ्याच्या चामडी पाकिटात मला आणखी एक वस्तू सापडली. कागदात गुंडाळलेल्या त्या दुपारच्या बारा निगेटिव्ह. या कॅमेऱ्यात नेहमीच्या एका रोलवर सहा सेंटिमीटर चौरसाचे बारा फोटो निघतात. बिघडलेल्या म्हणून त्या फेकून देणे दादांच्या जिवावर आले असावे.

काकांनी त्या उजेडाला धरल्या. जवळजवळ काळ्या होत्या. ते म्हणाले, "काळी आहे म्हणजे आत काहीतरी आहे. कोरी असती तर बोलणे खुंटले असते." हे मला नवे होते. निगेटिव्हवर जितका उजेड जास्त तितकी ती दाट होते. लॅबच्या यंत्राला ती दाटी भेदता आली नव्हती, म्हणून फोटो पांढरा आला. चित्र मात्र निगेटिव्हमध्ये बसलेले होते. उजेड कमी पडून कोऱ्या राहिलेल्या निगेटिव्हमधून मात्र काही निघत नाही.

भाच्याने घरीच प्रयोग केला. एका मोबाईलचा पडदा पांढरा करून उजेड वाढवला, त्यावर थोडे अंतर ठेवून निगेटिव्ह धरली, दुसऱ्या मोबाईलने फोटो घेतला आणि रंग उलटे केले. धुक्यातून एक फेटा दिसला. मग शहरात जाऊन चांगल्या स्कॅनरवर ती काढून घेतली.

फोटो काही सुंदर नाही. रंग उडाले आहेत, दाणे दिसतात, कडेची माणसे हलली आहेत. पण बापलेक फोटोसाठी स्तब्ध उभे होते, म्हणून त्यांचे चेहरे राहिले. पांढऱ्या साडीतली ताई आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलेले तिचे वडील.

ताई आता स्वतः आजी झाली आहे. मी फोटो तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली होती, मीच टाचणी लावली होती. बघ, टाचणी दिसतेय." आणि थोड्या वेळाने, "तुझे दादा असायला हवे होते गं."

आपल्या घरी जुना कॅमेरा असेल तर

१. शटर अडकले तर हँडल किंवा बटण जोराने दाबू नका. आधी कॅमेऱ्याचे कुलूप लागलेले नाही ना, हँडल पूर्ण फिरले आहे ना, हे पाहा.

२. आत रोल असेल तर पाठ उघडू नका. आधी अंधाऱ्या खोलीत तो काढून घेणाऱ्या जाणकाराकडे जा.

३. शिलाई मशीनचे तेल, खोबरेल, फवाऱ्याचे तेल यांतले काहीही घालू नका. रॉकेलही नको, ते मागे तेलकटपणा ठेवते.

४. पांढरे पेट्रोल चटकन पेटते. स्टोव्ह, उदबत्ती, बिडी दूर ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना लांब बसवा.

५. पाती हाताने ढकलू नका. एक पाते वाकले की शटर गेले. नाजूक कामाची सवय नसेल तर घड्याळजी किंवा कॅमेरा दुरुस्त करणारा गाठा. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार ही कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे.

६. स्वतः फोटो काढण्यासाठी लावायचा टायमर जुन्या कॅमेऱ्यात वापरू नका. तो मधेच अडकला की शटरही अडकवतो.

७. ठेवताना शटर ताणून ठेवू नका. चामडी पाकिटात ओल धरते आणि भिंगावर बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. महिन्यातून एकदा काढून सगळे वेग चालवून पाहा.

८. जुन्या निगेटिव्ह फेकू नका, बिघडलेल्या वाटल्या तरी.

आजकाल रोल महाग झाला आहे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स कारखान्यात आपल्या देशातच 'इंदू' नावाचे रोल निघत, तो कारखाना बंद पडला. बाहेरचे रोल मिळतात, पण बारा फोटोंना शेकडो रुपये पडतात. तरी मी एक रोल आणला. पहिला फोटो घड्याळजीकाकांचा काढला, त्यांच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावलेला. पैसे किती द्यायचे विचारले तेव्हा त्यांनी तोच मागितला होता.

उरलेले अकरा भाच्याला दिले आहेत. बटण दाबण्याआधी तो आता दोनदा विचार करतो. दादाही तसेच करीत.